हिरवी गोटी आणि तीन हजारांचा राऊटर

...आणि म्हणून सांगतो, राऊटर कुठला घ्यावा हे मला विचारू नका. कुणीच विचारू नका. तुम्ही, मागच्या रांगेतले, चष्मेवाले, तुम्ही तर मुळीच विचारू नका, तुमचा चेहराच सांगतोय की तुम्ही तीन दुकानं पालथी घातलीत, मोबाइलवर चाळीस व्हिडिओ बघितलेत आणि आता स्वस्तातला घेऊ की चांगला घेऊ ह्या पायी घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. मी ह्यातून गेलोय हो. स्वस्त की चांगला, चांगला की स्वस्त... माझ्या बाबतीत प्रश्न तो नव्हताच. माझ्या बाबतीत प्रश्न गोटीचा होता.

आता राऊटर म्हणजे काय, तर इंटरनेटचा तो दिवे लुकलुकणारा डबा नव्हे. लाकूडकामाचा राऊटर. एक मोटार, दोन बाजूंना दोन मुठी, खाली गरगर फिरणारं पातं, त्याला बिट म्हणतात. खाच पाडा, कडा गोल करा, आणि फळीच्या दोन्ही बाजूंना सरळ पट्ट्या लावून त्यांवरून सरकवलात तर अख्खी फळी आरशासारखी सपाट. सपाट. हा शब्द लक्षात ठेवा, कारण ह्या एका शब्दापायी माझं वर्ष गेलं.

तर माझे एक साडू आहेत. मोठे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी जन्मभर पाण्याची मीटरं दुरुस्त केली, ते जन्मभर कुणी काय दुरुस्त करायचं ते सांगायच्या हुद्द्यावर होते. त्यांनी नवीन घर घेतलं तेव्हा म्हटलं, विकतची वस्तू काय कुणीही देईल, आपण हातानं काहीतरी करून देऊ. एक लांब फळी केली. दिवाणखान्यात लावायला, दोन लाकडी आधार, वर फळी. दीड महिना रंधा मारत होतो गॅलरीत, खांदा उतरला, शेजारीण भुसा भुसा म्हणून ओरडायची. नेऊन दिली. म्हटलं, भिंतीलाही मीच लावून देतो. तर म्हणाले, 'छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता, माझ्याकडे ड्रिल आहे.' हेही लक्षात ठेवा. ड्रिल त्यांचं, भिंत त्यांची.

घर बघायला सगळे जमले. वीस माणसं. साडूसाहेब घर दाखवत दाखवत फळीपाशी आले आणि म्हणाले, 'आणि ही आमच्या धाकट्या साडूंची कलाकृती.' कलाकृती म्हटल्यावरच मी सावध व्हायला हवं होतं. मी आपला खुळा, मान खाली घालून लाजतोय. त्यांनी काय करावं? नातीच्या डब्यातली एक हिरवी गोटी घेतली, फळीच्या उजव्या टोकाला ठेवली आणि हात काढून घेतला. एक शब्द नाही. गोटी क्षणभर थांबली, तिलाही जरा संकोच वाटला असावा, आणि मग निघाली. सावकाश, ऐटीत, फोटोंच्या पुढून, घड्याळाच्या पुढून, डाव्या टोकापर्यंत गेली आणि टक... टक... टक... सोफ्याखाली. वीस माणसं हसली. मी मोजली. माझी बायकोसुद्धा हसली. ती आजही म्हणते शिंक आली होती. सतरा वर्षं संसार केलाय, मला शिंक कळत नाही?

गोटी ठेवली हो त्यांनी. वीस माणसांदेखत.

मंडळी जेवायला बसली तेव्हा मी सोफ्याखाली हात घालून ती गोटी बाहेर काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. म्हटलं, राहू दे. एक दिवस ह्याच वीस माणसांसमोर हीच गोटी मी केलेल्या लाकडावर ठेवीन आणि ती हलणार नाही. आणि त्या वेळी मी साडूंकडे बघेन. काही बोलणार नाही, नुसता बघेन. एक वर्ष चार महिने ती गोटी माझ्या खिशात होती. शर्ट बदलला की गोटी बदललेल्या शर्टात. बायको धुवायला टाकताना विचारायची, 'अहो, हे काय दर वेळी निघतं खिशातून?' मी म्हणायचो, औषध आहे. खोटं नव्हतं ते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या तेवढ्यावरून इतका डूख धरायचा? धरायचा. तुमच्या दीड महिन्याच्या कामावर कुणी गोटी ठेवली म्हणजे कळेल.

मग एके दिवशी सासूबाईंनी बोलावलं. सासरे जाऊन तीन वर्षं झालीत, आणि त्यांच्या खोलीत तो मोठा जाड फळ्यांचा पलंग तसाच. सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, ह्याच्यावर एकटीला झोपवत नाही आणि टाकून देववतही नाही. ह्याचं जेवायचं टेबल होईल का? माझ्या पंचाहत्तरीला सगळे त्यावर जेवू.' मला म्हणाल्या. थोरला जावई तिथंच बसला होता वर्तमानपत्र वाचत, त्याला नाही, मला. पन्नास वर्षांचा संसार त्या बाईनं त्या फळ्यांवर काढला आणि त्या माझ्या हातात देत होती. मी हो म्हणालो, त्यांच्या पाया पडलो, आणि उठताना खिशातली गोटी फरशीवर पडता पडता वाचवली. म्हणजे बघा, योग कसा जुळून आला. टेबल. सपाट. वीस माणसं. फक्त राऊटर हवा.

गेलो दुकानात. अवजारांचं दुकान, गल्ल्यावर बाई. पन्नाशीच्या, बोलणं मोजकं, आयुष्यात कशाचंही आश्चर्य न वाटलेल्या. त्यांनी तीन राऊटर काढून समोर ठेवले. 'हा तीन हजार. हा नऊ. हा एकवीस.'

म्हटलं, फरक काय?

'तीनला आवाज जास्त. एकवीसला कमी.'

आणि नऊला?

'नऊचा लोक घेतात.'

एकवीसचा उचलला. अहाहा. वजन कसं, मूठ कशी, खोली बदलायचं चाक फिरवलं तर कुठं खरखर नाही. माझी नजर हटेना. सहज म्हणून बोललो, ह्याच्यासारखा आमच्या साडूंकडे आहे, उंच आहेत, पांढऱ्या मिशा, इथूनच नेला असेल. त्यांनी नुसता घेऊन ठेवलाय, हां, कपाटात, खोक्यात. बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाल्या, 'अच्छा... ते साडू तुम्ही होय. सांगून गेलेत ते. म्हणाले, आमचे साडू येतील कधीतरी, त्यांना एकवीसचा दाखवू नका, त्यांना झेपणार नाही. नऊचा द्या, त्यांच्या कामाला पुष्कळ झाला.'

झेपणार नाही! त्यांच्या कामाला पुष्कळ झाला!

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? एकवीसचा घ्यावा तर तो साडूंचा राऊटर, म्हणजे त्यांच्या पावलावर पाऊल. तो बाद. नऊचा घ्यावा तर साडूंचा सल्ला, म्हणजे त्यांच्या शब्दाबाहेर नाही. तोही बाद. उरला कोण? दर्जा बघून वस्तू घेणारे असतात, किंमत बघून घेणारे असतात, मी सूड बघून घेतली. तीन हजार टेकवले, मशीन काखेत मारलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरताना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मशीन हलकं होतं, हेही एक कारण होतंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सुतारमामा आहेत, त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी मोटार बघितली नाही, मुठी बघितल्या नाहीत, खोक्यावर छापलेला हसरा माणूस बघितला नाही. बिट बसवला, चिमटीत धरला आणि नुसता हलवला. 'जबडा ढिला आहे,' म्हणाले. जबडा म्हणजे बिट घट्ट धरून ठेवणारा ते छोटं पोलादी कडं, खरं मशीन म्हणजे तेवढंच, बाकी सगळा पंखा. 'चालू असताना बिट खाली सरकेल. परत करून या. नाहीतर असं करा, फळ्या माझ्याकडे आणा, अर्ध्या दिवसात सपाट करून देतो.' इतकं सरळ सांगितलं माणसानं. मी म्हटलं, मामा, हे मलाच करायचंय. ते म्हणाले, 'करा. पण पलंग एकच आहे, एवढं ध्यानात असू द्या.'

गोटी ठेवली होती हो त्यांनी, मी कसा मागे हटणार?

पलंग मोडला, फळ्या जोडल्या, सरस लावला, शिकंजे आवळले. जाडी अडतीस मिलिमीटर. तीन मिलिमीटर काढले की सपाट, पस्तीसचं भक्कम टेबल. गॅलरीत पट्ट्या लावल्या, कानात कापूस, तोंडाला रुमाल, बटण दाबलं. आवाज असा की शेजारीण, जी वर्षभर भुसा भुसा म्हणून भांडत होती, ती विचारायला आली की काही मदत लागेल का. अर्धं टेबल झालं. काय सुंदर चाललं होतं. लोण्यासारखं. मी मनातल्या मनात साडूंचा चेहरा बघतोय, गोटी ठेवलीय, हलत नाहीये... आणि आवाज जरा बदलला. थांबवलं. खाली वाकून बघतो तर बिट सरकलेला आणि सासऱ्यांच्या पलंगात पाच मिलिमीटर खोल खड्डा. वीतभर लांब.

आता खड्डा वर तर उचलता येत नाही. मग एकच उपाय, सगळं लाकूड खड्ड्याइतकं खाली आणायचं. तीस. परत सुरू केलं. दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा सरकला. सव्वीस. मग मी जबडा असा आवळला, असा आवळला, की पान्याचं तोंड वाकलं. दोन फुटांवर पुन्हा सरकला. बावीस! बायको दारात उभी राहून मोजपट्टी लावून बघतेय, 'अहो, आईचं टेबल करताय की पुठ्ठा?' मी म्हटलं, शिंक आली का? ती आत निघून गेली. संध्याकाळी चहा पुढ्यात ठेवताना फक्त एवढंच म्हणाली, 'बाबांचा पलंग होता तो.' मला लाज वाटली, खरंच लाज वाटली.

मशीन घेऊन दुकानात गेलो. बाई म्हणाल्या, 'पैसे परत मिळत नाहीत. वर सहा भरा, नऊचा न्या.' बघा, फिरून फिरून तोच नऊचा. म्हणजे साडू घरी बसल्या बसल्या जिंकणार. मी म्हटलं, मेलो तरी नऊचा नेणार नाही. बाई म्हणाल्या, 'बरं.' सुतारमामांकडे गेलो, तर त्यांच्या दाराला कुलूप, लेकीकडे गेले होते महिनाभर. जाताना शेजाऱ्याकडे निरोप ठेवला होता माझ्यासाठी: वीसच्या खाली गेलात तर वाकेल. म्हणजे माणसाला माझी इतकी खात्री होती.

बावीस आहे. वीसपर्यंत जाता येतं. एकच संधी. पंचाहत्तरी आठ दिवसांवर. आणि ओळखीत धड राऊटर एकाच घरी.

तुम्हाला सांगतो, तो जिना मी कसा चढलो ते माझं मला माहीत. खिशात गोटी, हातात पिशवी, पिशवीत नेहमीची पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी हो, जमीन सपाट आहे का बघायची, मीटरवाला माणूस तिच्याशिवाय बाहेर पडत नाही. साडूंनी दार उघडलं. मी म्हटलं, जरा तुमचा राऊटर... ते म्हणाले, 'हो हो, बसा की, आणतो.' ना टोमणा, ना खवचट हसू. आत गेले. मी दिवाणखान्यात एकटा आणि समोर माझी फळी.

राहवेना. पाणसळ काढली, फळीवर ठेवली. बुडबुडा पळाला उजवीकडे, म्हणजे डावी बाजू खाली. मग पट्टीची धार फळीवर उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का ते बघितलं. एक फट नाही. उजेडाचा कण नाही. फळी सपाट! माझी फळी पहिल्यापासून सपाट होती! आणि आधार बघितले, तर डावा आधार उजव्यापेक्षा बोटभर खाली ठोकलेला. ड्रिल कुणाचं? भिंत कुणाची? भोकं कुणी पाडली? एक वर्ष चार महिने! माझ्या हातात पुरावा, पिशवीत पाणसळ, खिशात गोटी, अंगात दहा हत्तींचं बळ, आणि तेवढ्यात साडू दोन्ही हातांत ते एकवीस हजारांचं खोकं, बाळ आणावं तसं घेऊन बाहेर आले. 'काय बघताय?'

सगळं ओठांवर आलं होतं हो. सगळं. आणि मी बघतोय ते खोकं.

म्हटलं, काही नाही. छान लागलीय फळी.

ते माझे शब्द. माझ्याच तोंडचे. आजही रात्री जेवताना आठवले की घास अडकतो.

ते म्हणाले, 'तुम्ही आलात ते बरं झालं. मी तर खोका उघडलाच नाही अजून. एकदा दुकानात चालू करून दाखवला त्यांनी, आणि माझे हात लटपटले. हिला सांगू नका.' मग रविवारी स्वतः आले, शर्टाच्या बाह्या दुमडून. मी मशीन चालवलं, ते पट्टी धरून बसले, भुसा मिशांत जाऊन मिशा तपकिरी झाल्या, आणि दर पाच मिनिटांनी, 'वा, काय हात आहे हो तुमचा.' आता मला सांगा, असल्या माणसाचा सूड घेताना कशी कुचंबणा होते! मशीन तर असं की बिट तसूभर सरकला नाही. वीस मिलिमीटर. काचेसारखं. कडा गोल केल्या, सासूबाईंना लागायला नकोत म्हणून. मी मनाला बजावलं, कौतुक केलं म्हणून काय झालं. गोटी ठेवली होती त्यांनी.

आदल्या दिवशी जाऊन सासूबाईंकडे टेबल लावलं, चारी पायांखाली पाणसळ बघून पुठ्ठ्याचे तुकडे सारले. बुडबुडा मधोमध. दुसऱ्या दिवशी तीच वीस माणसं, मी मोजली. सासूबाई आल्या, टेबलावरून हात फिरवला, सावकाश, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाल्या, 'ह्यांच्या उशाकडची गाठ ठेवलीत ना इथं.' ठेवली होती. मुद्दाम ठेवली होती. त्या बसल्या, त्या गाठीवर तळवा ठेवून. तिथं थांबायला हवं होतं मी. शहाणा माणूस तिथं थांबला असता, जेवला असता आणि घरी गेला असता.

मी पुढे झालो. म्हटलं, एक मिनिट, सगळ्यांनी इकडे बघा. खिशातून गोटी काढली. टेबलाच्या मधोमध ठेवली. हात काढून घेतला. एक शब्द नाही.

हलली नाही. केसभर हलली नाही. पंखा चालू होता, तरी हलली नाही. आणि मी मान वळवून साडूंकडे बघितलं, नुसतं बघितलं, जसं एक वर्ष चार महिने रोज मनात बघत होतो.

साडू गोटीकडे बघत होते. कपाळाला आठ्या. म्हणाले, 'ही काय?'

म्हटलं, गोटी. आठवते ना?

'कसली गोटी?' आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. 'अहो, ही तर आमच्या नातीची! पाच गोट्यांतली हिरवी! वर्षापूर्वी हरवली, आठ दिवस रडत होती पोर, सोफे हलवले आम्ही. ही तुमच्याकडे कशी?'

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. ह्या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. पन्नाशीचा माणूस, पेन्शनला आलेला, लहान पोरीची गोटी वर्षभर खिशात घालून हिंडतोय. काय सांगणार? 'आठ दिवस रडली?' एवढंच निघालं माझ्या तोंडून. नात आली, टेबलावरची गोटी उचलली, माझ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. बायकोला शिंक आली. ह्या वेळी खरी.

जेवताना कुणीतरी विचारलं, काय सपाट झालंय हो टेबल, मशीन कुणाचं? साडू म्हणाले, 'माझं.' खोटं बोलले नाहीत ते. आणि मला त्यांनी दुसऱ्यांदा भाजी वाढली.

तर चष्मेवाले, तुम्ही विचारत होता राऊटर कुठला घ्यावा. किंमत बघू नका. दर्जाही बघू नका. आधी साडू बघा. साडूकडे चांगला राऊटर असेल तर विकत घेऊ नका आणि त्याच्याशी भांडू नका. नसेल तर जबडा हलवून बघा आणि नऊचा घ्या. लोक घेतात. आणि कुणाला तीन हजारांचा हवाच असेल, तर माझ्याकडे आहे. फारसा वापरलेला नाही, सासऱ्यांच्या पलंगावर फक्त सोळा मिलिमीटर.